घरगुती जेवण : एक परीक्षण

पेण आणि रोहे या दोन गावांत मिळून 'घरगुती जेवण मिळेल' अशा किती पाट्या आहेत, ते मी मोजलेलं नाही. पण या तीन शब्दांइतकं धाडसी विधान मी दुसरं वाचलेलं नाही. एक तर कोणाच्या घरचं, हे पाटी सांगत नाही. दुसरं म्हणजे, घरच्या जेवणाला कंटाळूनच माणूस बाहेर जेवायला जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. तरीही पेणला गणपतीच्या कारखान्यातला रंगारी आणि रोह्याला धाटावची पाळी संपवून आलेला कामगार, दोघेही हीच पाटी शोधत येतात.

तेव्हा या विधानाची तपासणी व्हायला हवी. माझी पहिली कसोटी सोपी आहे. आत शिरून विचारावं, "मावशी, आज काय आहे?" उत्तरादाखल छापील कार्ड पुढे आलं तर निमूट उठावं. घराला मेनूकार्ड नसतं. "बसा, वाढते," असं उत्तर आलं तर ते घर. काही ठिकाणी घरगुती पाटीखाली पनीर बटर मसाला मिळतो. तो रोज होतो असं घर पेण तालुक्यात असेल, तर त्या घरी माझी सोयरीक नाही.

हा शोध केवळ आपलाच आहे असं मात्र नाही. जपानात गल्लीबोळातल्या साध्या खाणावळीला 'शोकुदो' म्हणतात. तिथलं ठरलेलं ताट म्हणजे भात, आंबवलेल्या सोयाबीनचं कढण, भाजलेला नाहीतर तळलेला मासा आणि लोणचं. हे रोहेकराला ऐकवलं तर तो एवढंच विचारील, "आणि सोलकढी?" जपानीत चवीला 'अजी' म्हणतात आणि आईच्या हातच्या चवीला 'ओफुकुरो नो अजी'. त्यातला पहिला अ जरा लांबवला की आपल्याला भाषांतराची गरज उरत नाही.

दुसरी आणि खरी कसोटी वालाच्या बिरड्याची. भात कापून झाला की शेतात उरलेल्या ओलीवर इकडे वाल घेतात. थंडीत त्याच्या कोवळ्या शेंगांची पोपटी लावायची आणि सुकलेल्या दाण्यांचं वर्षभर बिरडं करायचं. पण वाल काही सरळ कढईत जात नाही. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाका आणि मग एकेक दाणा बोटांनी सोला. हे सोलणं घाईने उरकून भागत नाही, दाणा मोडतो. पुढे कांदा, खोबरं, आमसूल, गुळाचा खडा, आणि दोन दिवसांची मेहनत भाताबरोबर दहा मिनिटांत संपते.

मी कॉमर्सचा पदवीधर. पदार्थाची किंमत काढताना कच्चा माल, इंधन आणि मजुरी धरतात, एवढं परीक्षेपुरतं शिकलो आहे. घरच्या बिरड्याचा हिशेब मांडला तर मजुरीच्या रकान्यात पिढ्यान् पिढ्या शून्य आहे. आजीने सोललं, आईने सोललं, बायकोने सोललं. वहीत नोंद नाही. तीच बाई खाणावळ काढते तेव्हा त्या शून्याच्या जागी पहिल्यांदा आकडा येतो, आणि लगेच गिऱ्हाईक कुरकुरतं, "एवढ्याशा वाटीला इतके? घरचंच तर आहे!" हाच गृहस्थ मुंबई-गोवा रस्त्यावरच्या एखाद्या झगमगीत हॉटेलात पनीरला दुप्पट पैसे मोजून वर बडीशेपेबद्दल आभार मानतो.

माझ्या मते पाटीतला 'घरगुती' हा शब्द चवीबद्दल कमी आणि या मजुरीबद्दल जास्त बोलतो. घरी जे न मागता आणि न मोजता मिळत आलं, त्याची किंमत इथे पहिल्यांदा फळ्यावर खडूने लिहिलेली दिसते. ती पाहून आपल्याला चटका बसतो तो महागाईचा नसतो; जुन्या थकबाकीचा असतो.

परीक्षणाच्या शेवटी तारे देण्याची पद्धत आहे. खाणावळवाल्या मावशींना ताऱ्यांचा काय उपयोग? त्यापेक्षा बिरड्याचे पैसे सुट्टे द्यावेत, घासाघीस करू नये, आणि निघताना "भाजी छान झाली होती" एवढं म्हणावं. हे वाक्य घरीही चालतं. तिथे तर ते इतकं नवीन वाटतं की पहिल्यांदा संशयच घेतला जातो.