‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि आपल्या दप्तरातली कुणबीण

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ माझ्याकडे तीन आवृत्त्यांत आहे आणि तिन्हींची पहिली पाने सुटत आली आहेत. पुन्हा पुन्हा उघडले जाते ते पान अर्पणपत्रिकेचे. १८७३ साली पुण्यातला एक माणूस मराठी पुस्तक लिहितो आणि ते इंग्रजीत अर्पण करतो अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, कारण त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवले. या पानावर आपल्याकडे भाषणे भरपूर झाली. पण त्या पानाने आपल्याला नेमके काय वाचायला लावले आणि काय वाचू दिले नाही, याचा विचार कमी झाला, असे मला वाटते.

आपण ‘गुलामगिरी’ हा शब्द रूपक म्हणून वाचतो. गुलाम तिकडचे, आफ्रिकेतून जहाजांत भरून नेलेले. आपले शूद्रातिशूद्र त्यांच्यासारखे. फुल्यांचा हेतू एवढा मवाळ नव्हता. मराठी प्रस्तावनेत ते दोघांतला फरक सांगतात तो कसे गुलाम केले गेले एवढ्यापुरताच. हालअपेष्टांत ते फरक करत नाहीत. आपण मात्र त्यातली तुलना तेवढी उचलली आणि खरी, विकत घेतलेली माणसे समुद्रापलीकडे ठेवून दिली.

ती इथेच होती. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१) उघडून ‘कुणबीण’ पाहा. एक अर्थ कुणब्याची बायको, दुसरा अर्थ गुलाम बाई. ही नोंद पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकलो नाही. शेत कसणाऱ्याच्या बायकोचे नाव आणि विकत मिळणाऱ्या बाईचे नाव एकच! शूद्राची तुलना गुलामाशी करण्यासाठी फुल्यांना अमेरिकेपर्यंत जावे लागले, पण भाषेने ती तुलना आधीच करून ठेवली होती.

पेशवे दप्तरात या कुणबिणी जागोजागी भेटतात. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत त्यांच्याकडून दळणकांडणापासून सगळी कामे घेतली जात. बदकर्माचा आरोप ठेवून सरकार एखाद्या बाईला शिक्षा म्हणूनही कुणबीण करी. सुमीत गुहा यांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या गुलामीवर जो निबंध लिहिला (२००६ च्या ‘स्लेव्हरी अँड साउथ एशियन हिस्टरी’ या संग्रहात), त्यात राज्यसंस्थाच मोठी गुलाममालक कशी होती, हे कागदांवरून दिसते. मला तो इंग्रजीतच, कोश शेजारी ठेवून, वाचावा लागला. त्याच संग्रहात रिचर्ड ईटन यांचा दख्खनमधल्या लष्करी गुलामीवरचा लेख आहे. मराठवाड्याला गुलाम म्हटले की आठवतो तो मलिक अंबर: हबशी, बाजारात विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता, खडकी वसवणारा, १६२६ साली वारलेला. त्याची नहर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण अंबर हा अपवाद आहे आणि अपवादाच्या उजेडात बाकीच्या दिसेनाशा होतात. कुणबिणीने नहर बांधली नाही.

शरद पाटलांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिताना पाणिनीच्या व्याकरणापर्यंत खणत नेले. त्या धाडसापुढे माझ्यासारख्याने नम्रच राहावे. तरी एक तक्रार आहे. प्राचीन दास शोधता शोधता दोनअडीचशे वर्षांपूर्वीची मोडीतली बाई मागे राहिली.

अर्पणपत्रिकेकडे परत येतो. फुले आभार मानतात ते गुलामी संपवणाऱ्या सज्जनांचे. अमेरिकेत तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. तिच्यामागे स्वतः गुलामांनी मळे सोडून पळून जाण्याचा, फौजेत शिरण्याचा केवढा वाटा होता, हे डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये मांडले. फुल्यांना ते कळणे शक्य नव्हते. पण पुस्तकाच्या आत धोंडीबा प्रश्नावर प्रश्न विचारत राहतो, सोडवणाऱ्याची वाट पाहत बसत नाही. अर्पणपत्रिकेपेक्षा पुस्तक पुढे गेले आहे, असे माझे मत आहे.

आणि आपल्याकडचे निर्मूलन? ब्रिटिशांनी १८३३ चा कायदा केला तेव्हा कंपनीचा मुलूख वगळला. १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढेच केले की गुलामावरची मालकी कोर्ट मानणार नाही. गुलाम बाळगणे गुन्हा ठरवले नाही. गुलामाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती दंडसंहितेच्या ३७० व्या कलमाने, १८६२ पासून. नांदेड तर निजामाच्या मुलखात, तिथे कंपनीचा कायदा लागूच नव्हता. हैदराबाद संस्थानाने भगेल्यांच्या, म्हणजे कर्जापोटी राबणाऱ्या गड्यांच्या, करारांवर नियम केला तो १९३६ साली.

इथे मला घरचे सांगावे लागते. माझे आजोबा लोह्याकडे सालगडी होते. पाडव्याला साल धरायचे, उचल घ्यायची, वर्षभर ती फेडायची. फिटली नाही की त्याच वाड्यावर पुढचे साल. तरुणपणी मी एका सभेत याला बेधडक गुलामगिरी म्हटले होते. आज म्हणणार नाही. उचल फेडून आजोबा पाडव्याला दुसरा वाडा धरू शकत होते आणि एकदा त्यांनी धरलाही. कुणबिणीला पाडवा नव्हता. दोन्हींना एकच शब्द लावला तर कुणबिणीचे दुःख पुसट होते आणि आजोबांनी बदललेला तो वाडाही हिशेबातून जातो.

आजी चिडली की नातवंडांना ‘बटकीच्या’ म्हणायची. बटीक म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. विष्णुपुरीतल्या आमच्या गल्लीत ती शिवी अजून कानी पडते. गेल्या दोन वर्षांपासून मी मोडी शिकतो आहे. वेग फार कमी आहे, पण ‘कुणबीण’ एवढा शब्द आता ओळीतून लगेच ओळखता येतो.