तिसऱ्या मजल्यावरचे बटण

रावेतला आम्ही चार-पाच शिक्षक महिन्यातून एकदा जमतो. एरवी आमच्या बैठकीत पाठ्यपुस्तक, प्रयोगाचे साहित्य आणि परीक्षा यांवरच बोलणे होते. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मात्र बाहेर पाऊस थांबेना, घरी परतणे अवघड झाले, तेव्हा यजमानांनी 'तीसरी मंझिल' हा जुना हिंदी चित्रपट लावला. तो संपल्यावर चर्चा सुरू झाली. ती गाण्यांवरून निघाली आणि बघता बघता मुलांच्या प्रयोगवह्यांवर येऊन ठेपली. हे कसे घडले ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले. चित्रपट न पाहिलेल्यांना आधीच सांगतो, की खुनी कोण हे पुढे लिहिले आहे.

'तीसरी मंझिल' १९६६ साली प्रदर्शित झाला. निर्मिती आणि लेखन नासिर हुसेन यांचे, दिग्दर्शन विजय आनंद यांचे आणि संगीत राहुल देव बर्मन यांचे. हलकीफुलकी प्रेमकथा आणि खुनाचे रहस्य अशी दोन धाग्यांची ही वीण आहे. मसुरीच्या एका हॉटेलाच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून रूपा नावाची तरुणी मरण पावते. ती आत्महत्या होती असे सारे मानतात. त्याच हॉटेलात ड्रम वाजवणाऱ्या रॉकीवर रूपाचे प्रेम होते, एवढे तिच्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, ठाऊक आहे. या एका माहितीवरून ती ठरवून टाकते, की रॉकीनेच बहिणीला मरणाच्या दारी लोटले. मग त्याला शोधून धडा शिकवायला ती मसुरीकडे निघते. प्रवासात तिला अनिल नावाचा खट्याळ तरुण भेटतो. हा अनिल म्हणजेच रॉकी. सुनीताचा राग पाहून तो आपली ओळख लपवतो आणि दोघे प्रेमात पडतात. शम्मी कपूर आणि आशा पारेख यांनी हा भाग असा रंगवला आहे, की आज इतक्या वर्षांनीही हसू आवरत नाही.

हसू ओसरल्यावर सुनीताच्या तपासाकडे पाहू. ती हौशी गुप्तहेर आहे. तिच्यापाशी धाडस आहे, चिकाटी आहे, बहिणीविषयीची माया आहे. नाही तो फक्त एक प्रश्न : 'माझे म्हणणे चुकीचे असेल तर?' उत्तर तिने घरूनच बांधून आणले आहे. उरले आहे ते त्या उत्तराला चिकटवायला एक माणूस सापडणे. त्यामुळे तो माणूस दिवसेंदिवस समोर असूनही तिला दिसत नाही. तिच्या मनातला रॉकी दुष्ट आहे, समोरचा अनिल गोड आहे, म्हणजे हे दोघे एक असणे शक्य नाही. पुढे खरी ओळख उघड होते तेव्हा ती तितक्याच तडकाफडकी दुसऱ्या टोकाला जाते : हा रॉकी आहे, म्हणजे हाच अपराधी. दोन्ही वेळा तिने पुरावा पाहिलाच नाही. एकदा प्रेमाने निकाल दिला, एकदा रागाने.

दिग्दर्शकाने हाच खेळ प्रेक्षकांशीही मांडला आहे. सुनीताशी लग्न करू इच्छिणारा रमेश पडद्यावर आला, की आपण लगेच संशय घेतो, कारण ती भूमिका प्रेम चोप्रा यांची आहे. पुढच्या काळातील त्यांच्या खलनायकी भूमिका आपल्या डोक्यात असतात. रॉकीवर जीव टाकणारी नर्तकी रुबी (हेलन) हिच्याकडेही आपण तिरप्या नजरेने पाहतो, कारण हिंदी चित्रपटातील नर्तकीकडे तसे पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. पुढे तिचाच बळी जातो. याउलट, अनिलशी सौजन्याने वागणारे कुंवरसाहेब (प्रेमनाथ) आपल्या नजरेतून निसटतात आणि अखेर खुनी तेच निघतात. त्यांच्या हातून घडलेला पहिला गुन्हा रूपाने पाहिला होता, म्हणून तिला मारले गेले. आमच्यापैकी ज्यांनी चित्रपट पहिल्यांदाच पाहिला, त्यांतील एकालाही हे नाव सुचले नव्हते. विज्ञान शिकवणारी माणसे आम्ही, पण चेहरा, पेशा आणि बोलण्याची ढब यांवरून निकाल देऊन मोकळे झालो.

या साऱ्या गोंधळात एक वस्तू कोणाचीच बाजू घेत नाही. ती म्हणजे कोटाचे एक बटण. त्याला ना प्रेम ना राग. ते ज्या कोटाचे आहे त्याच कोटाचे आहे. रहस्य उलगडते ते या बटणामुळे. एवढ्यासाठी तरी हा चित्रपट वर्गात बोलण्याजोगा आहे.

तरीही तो उत्तम रहस्यकथा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मधला बराच काळ रहस्य बाजूला पडते आणि केवळ प्रेमकथा चालते. खुनामागचे कारण आपल्याला शेवटी सांगितले जाते. ते आपणच शोधावे यासाठी आधी फारसे दुवे ठेवलेले नाहीत. सर्वांत मोठी उणीव म्हणजे शोध घ्यायला घरातून निघालेली सुनीता उत्तरार्धात शोधक राहत नाही. तपास नायकाकडे जातो आणि ती सुटका होण्याची वाट पाहत बसते. आपली चूक स्वतः पुरावा तपासून दुरुस्त करण्याची संधी लेखकाने तिला दिली असती, तर गोष्ट कितीतरी पुढे गेली असती.

ही संधी मिळालेली नायिका पाहायची असेल तर आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५४ सालचा 'रिअर विंडो' पाहावा. तिथेही प्रेमकथा आणि हौशी तपास हातात हात घालून चालतात. पाय मोडून घरात अडकलेला एक छायाचित्रकार खिडकीतून समोरच्या घरांकडे पाहत असतो. रावेतच्या समोरासमोरच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. समोरच्या माणसाने बायकोचा खून केला असा त्याला संशय येतो. त्याचा पोलीस मित्र हरकती काढतो : ती बाई गावाला जाताना लोकांनी पाहिली आहे. यावर छायाचित्रकाराची मैत्रीण लिसा विचारते, की लांबच्या प्रवासाला निघालेली बाई लग्नाची अंगठी घरी ठेवून जाईल का? आणि ती अंगठी शोधायला जीव धोक्यात घालून स्वतः त्या घरात शिरते.

या चित्रपटातील आमचा सर्वांत आवडता पुरावा मात्र फुलझाडांचा आहे. छायाचित्रकार समोरच्या वाफ्याचे आधी घेतलेले छायाचित्र आताच्या दृश्याशी ताडून पाहतो. दोन झाडे पूर्वीपेक्षा बुटकी दिसतात. झाडे वाढतात, आपोआप खुजी होत नाहीत. तेव्हा कोणीतरी ती उपटून पुन्हा लावली असली पाहिजेत, म्हणजेच तिथे काहीतरी पुरले असले पाहिजे. अनुमान झकास आहे. पण प्रत्यक्ष खणल्यावर तिथे काहीच मिळत नाही! संशय पूर्ण खोटा नव्हता, परंतु गृहीतक दुरुस्त करावे लागले. खणून पाहण्याची तयारी आणि काही न मिळाल्यास ते मान्य करण्याची तयारी, या दोन्हींवाचून शोध पुरा होत नाही.

इथे आमच्यातील एक बाई म्हणाल्या, "आपली मुले तर सगळी सुनीता आहेत. उत्तर आधी, निरीक्षण नंतर." साध्या दोलकाचा प्रयोग त्यांनी नुकताच घेतला होता. वर्गातील बहुतेक वह्यांत गुरुत्व त्वरण ९.८ आले होते. पुस्तकातही ९.८ आहे, म्हणून मुलांनी उलटे गणित करून वेळा भरल्या होत्या. एका मुलाचे उत्तर १०.९ आले होते आणि ते त्याने खोडले होते. बाईंनी ते खोडलेले आकडे नीट पाहिले. एक मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना सुमारे ४०.१ सेकंद लागतात. या मुलाला ३८.१ सेकंद लागले होते. फरक बरोबर एका आंदोलनाचा! घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणण्याऐवजी त्याने 'एक' म्हटले होते, म्हणून १९ आंदोलनांची वेळ २० ची म्हणून धरली गेली. त्याचे मापन चोख होते, मोजणी चुकली होती. ते १०.९ म्हणजे आमच्या गोष्टीतले बटण. ते खोडले नसते तर चूक कुठे झाली हे त्याचे त्यालाच सापडले असते.

यात दोष केवळ मुलांचा नाही. अपेक्षित उत्तराला पूर्ण गुण आणि प्रामाणिक पण वेगळ्या उत्तराला लाल रेघ, ही पद्धत आपणच पाडली आहे.

आणि हे प्रकरण प्रयोगवहीपुरते राहत नाही. सुनीता रॉकीला धडा शिकवायला निघते याला आपण चित्रपटात हसतो, कारण गोष्ट गोड होणार हे आपल्याला ठाऊक असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना ठार मारले. तिथेही निकाल आधी ठरला होता. परके कपडे आणि परका चेहरा एवढाच 'पुरावा' होता. थांबून एक प्रश्न विचारणारा माणूस त्या गर्दीत पुरेसा प्रभावी ठरला नाही. असा प्रश्न विचारण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती शाळेतच लागायला हवी.

म्हणून एक छोटा उपक्रम सुचवतो. पिंपरी-चिंचवड शहरासाठी पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जाते. वर्गाला सांगावे : 'समजा, तुमच्या घरच्या नळाला आज गढूळ पाणी आले. दोष कोणाचा?' मुले एकदम नावे घेतील. ती सर्व फळ्यावर लिहावीत, पण प्रत्येक नावापुढे एक वाक्य पुरे करायला लावावे : 'हे खरे असेल, तर आणखी काय दिसले पाहिजे?' शुद्धीकरणात दोष असेल तर शेजारच्या सोसायट्यांतही पाणी गढूळ असेल. इमारतीची टाकी अस्वच्छ असेल तर फक्त त्याच इमारतीत. एकाच घराची नळजोडणी गंजली असेल तर फक्त त्या घरात. मग कोणत्या तीन घरी विचारले म्हणजे निकाल लागेल, हे मुलांनीच ठरवावे. शेवटी प्रत्येकाने लिहावे, की काय आढळले तर मी माझे मत बदलेन. या ओळीलाही गुण द्यावेत.

फुरसुंगीच्या फास्टर फेणेवर जीव लावणारी आपली मुले गुप्तहेर व्हायला एका पायावर तयार असतात. 'तीसरी मंझिल' त्यांना जरूर दाखवावा. गाणी ऐकू द्यावीत, पोटभर हसू द्यावे. मध्यंतराला मात्र चित्रपट थांबवून प्रत्येकाकडून संशयिताचे नाव आणि त्याचे कारण कागदावर लिहून घ्यावे आणि चित्रपट संपल्यावर ते मोठ्याने वाचावे. आम्ही आमचे कागद वाचले तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आपल्या वर्गात काय घडते ते वाचकांनी आम्हांला जरूर कळवावे.