‘चेमिरोचा’ ऐकताना आपण कोणाला हसतो?

मंडळी, आत्ता ऐकलंत ते केनियातल्या किप्सिगिस मुलींचं ‘चेमिरोचा’. १९५० साली ह्यू ट्रेसी यांनी कापकातेत इथे ध्वनिमुद्रित केलेलं. चेपकोंग या तंतुवाद्यावर तेच छोटं आवर्तन फिरत राहतं आणि त्यावर कोवळे आवाज.

हा केरिचोचा, चहाच्या मळ्यांचा मुलूख. अमेरिकी गायक जिमी रॉजर्सच्या तबकड्या तिथवर पोचल्या, नावाचं ‘चेमिरोचा’ झालं, आणि ट्रेसींच्या टिपणानुसार तो ठरला अर्धा माणूस, अर्धा हरीण. हे सांगितलं की हशा पिकतो. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो, बरं का. पण यात भोळेपणा कुठे आहे? पेटीतून आवाज येतोय, माणूस दिसत नाही. त्या आवाजाला देह द्यायचा तर कल्पनेनंच द्यायला हवा. तो या मुलींनी दिला, आणि स्वतःच्या चालीत. याला आम्ही कविता म्हणतो.

आता ट्रेसींकडे येऊ. १९२१ साली ते तंबाखूच्या शेतीसाठी दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत आले. शेतमजुरांकडून भाषा आणि गाणी शिकले. पुढे १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताचं ग्रंथालय उभारलं; ‘साउंड ऑफ आफ्रिका’ या मालिकेच्या २१० तबकड्या काढल्या. एवढं काम दुसऱ्या कुणी केलं नाही, हे मान्यच करायला हवं.

मात्र त्यांना ओढ होती ती अस्सल, बाहेरचा वारा न लागलेल्या संगीताची. गंमत पाहा, त्यांचं हे गाजलेलं ध्वनिमुद्रण ग्रामोफोनमुळेच जन्मलेलं आहे! शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ट्रेसी मायक्रोफोन हातात धरून कधी गळ्याकडे, कधी वाद्याकडे नेत. म्हणजे आपण ऐकतो ते नुसतं गाव नव्हे. ट्रेसींच्या कानांनी निवडलेलं गाव.

म्हणून ही ध्वनिमुद्रणं टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. अलीकडे त्यांच्या प्रती किप्सिगिस गावांत परत नेल्या गेल्या, ते आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण गाणं कपाटात टिकतं हे खरं, पण त्यातला विनोद कुठला आणि भक्ती कुठली, हे ती भाषा बोलणारेच सांगू शकतात. तोवर आपण हसायची घाई करू नये, इतकंच.