तार बदलली की क्षमता दुप्पट? एक शोधनिबंध चौकमधून वाचताना

संशोधन प्रस्तावांचे जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत वीजवाहिन्यांचा विषय असला की एक आकडा हमखास असतो: 80 टक्के. हा आकडा 2024 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात, म्हणजे पीएनएएसमध्ये, आलेल्या एका निबंधातला आहे. एमिलिया चोयकिएविच, उमेद पालीवाल, अमोल फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. निबंध उत्तम आहे, जरूर वाचा. मात्र तो ज्या पद्धतीने उद्धृत होतोय ती मला पटत नाही, आणि थोडा दोष निबंधाच्या सारांशाकडेही जातो.

लेखकांचं म्हणणं असं. सौर आणि पवन प्रकल्प भराभर उभे राहतात, पण त्यांची वीज वाहून न्यायला वाहिन्या कमी पडतात. नवी वाहिनी म्हटली की जमीन, परवानग्या, कोर्टकचेऱ्या. मग मनोरे आहेत तेच ठेवा आणि तार बदला. याला रिकंडक्टरिंग म्हणतात.

यामागचं विज्ञान बारावीचंच आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या तारेत मधे पोलादाचे पेड असतात, ते वजन पेलतात. भोवती अॅल्युमिनियमचे, ते वीज वाहतात. प्रवाह वाढवला की तार तापते, लांबते, तिचा झोळ वाढतो आणि ती जमिनीच्या जवळ येते. म्हणून साधारण 75 ते 85 अंश सेल्सियसच्या पुढे तिला तापू देत नाहीत. नव्या तारेत पोलादाच्या जागी कार्बन तंतूंचा गाभा असतो. तो तापून फारसा लांबत नाही, त्यामुळे तार 180 अंशांच्या आसपासही झोळ सांभाळून चालते. गाभा बारीक, म्हणून तेवढ्याच जाडीत अॅल्युमिनियमही जास्त बसतं, सुमारे 28 टक्के. क्षमता दुप्पट होऊ शकते ती अशी. यात शंका घ्यायला जागा नाही.

शंका पुढे येते. 80 टक्के कशाचे? अमेरिकेत 2035 पर्यंत 90 टक्क्यांहून जास्त वीज स्वच्छ स्रोतांतून यायची असेल, तर विभागाविभागांमध्ये जी नवी वहनक्षमता लागेल तिच्यातला 80 टक्क्यांहून अधिक वाटा तारा बदलून भागू शकतो. आणि याच वाक्यात एक अट आहे: कोऱ्या जमिनीवरून नव्या वाहिन्या टाकण्यावर मर्यादा असतील तर. मसुद्यांमध्ये आकडा येतो, अट येत नाही. एक वाट अरुंद धरली की मॉडेल दुसऱ्या वाटेने जास्त जाणारच! 80 हा तारेचा गुणधर्म नव्हे. तो तारेचा आणि त्या अटीचा मिळून आलेला निकाल आहे.

ही अट आपल्याकडे लागू पडते का? मुंबईच्या वेशीवर पडते. खारघर–विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं रखडून ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. पण देशभर पाहिलं तर भारतात दरवर्षी हजारो सर्किट किलोमीटर नव्या वाहिन्या उभ्या राहतात. म्हणजे ही अट जिल्ह्यागणिक बदलते. असं असताना सारांशाचं शेवटचं वाक्य ही संधी जगभरासाठी असल्याचं सांगतं. मॉडेल एका देशाचं आणि दावा जगाचा, हे तुमच्या मार्गदर्शकांनी तुम्हाला चालू दिलं असतं का?

आता आमच्या पट्ट्यात या. चौकच्या एका अंगाला खोपोली, दुसऱ्या अंगाला कर्जतजवळचं भिवपुरी. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज इथूनच गेली. मनोरे, वाहिन्या, त्यांचे पट्टे सगळं जुनं. तार बदलण्याच्या कल्पनेला याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही. अंतरंही कमी आहेत, आणि कमी अंतराच्या वाहिनीवर मर्यादा बहुधा तापमानाचीच येते. लांबच्या वाहिनीवर व्होल्टेज आणि स्थिरतेचे प्रश्न आधी आडवे येतात. तिथे नुसती तार बदलून दुप्पट काही मिळत नाही.

भिवपुरीची क्षमता 75 मेगावॅट. 2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी केलेल्या करारात इथे 1000 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: दुपारी सौर वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. म्हणजे वाहिनीला दोन्ही दिशांनी काम. कंपनी ही वीज कशी नेणार ते बाजूला ठेवू, आपण पाकिटाच्या मागे गणित करू. इथलं जुनं जाळं 110 केव्हीचं. त्या दाबावर 1000 मेगावॅट म्हणजे सुमारे 5250 अँपिअर. एका सर्किटला 500 अँपिअर धरा, अकरा सर्किटं लागतील. तार बदलून 1000 अँपिअर केले तरी सहा, आणि एखादं बंद पडलं तर म्हणून आणखी एक. 400 केव्हीवर तोच प्रवाह 1450 अँपिअरच्या आत येतो. गरज तेरा पटींची असेल तिथे दुप्पट क्षमता पुरत नाही, दाबच वाढवावा लागतो.

गळतीचंही बघा, कारण प्रस्तावांत ती कुणी मोजत नाही. प्रवाह दुप्पट म्हणजे उष्णतेतली गळती चौपट. 180 अंशांवर अॅल्युमिनियमचा रोध 75 अंशांच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने वाढतो. जास्तीचं अॅल्युमिनियम तेवढं जेमतेम भरून काढतं. म्हणून पूर्ण भाराला प्रत्येक युनिटमागची गळती जवळजवळ दुप्पट. हां, जुन्याच भारावर नवी तार चालवली तर गळती उलट 20 टक्क्यांहून जास्त कमी होते. तेव्हा वाहिनी वर्षातले किती तास पूर्ण भरून चालते, हा आकडा मिळवल्याशिवाय तार बदलणं स्वस्त की महाग हे लिहू नका.

आणि तार बदलायची तर वाहिनी बंद ठेवावी लागते. (चालू वाहिनीवर हे काम करता येतं, पण त्याचा खटाटोप आणि खर्च वेगळा.) 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाणे अंधारात गेलं तेव्हा कळवा–पडघे वाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता, आणि तेही गेलं. देशाचे मोठाले विभाग पाडून वर्षांच्या हिशेबात चालणाऱ्या मॉडेलला असा सोमवार दिसत नाही. तो तुम्हाला वेगळा मांडावा लागेल.

राहिली जमीन, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. या घाटाखालच्या विजेचा जमिनीशी हिशेब जुना आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह टाटांच्या धरणाविरुद्धच होता आणि त्या पाण्याची वीज आपल्याच जिल्ह्यात, भिऱ्याला तयार होते. तार बदलण्याचं खरं आकर्षण हे की कुणाचं नवं शेत जात नाही. पण वरच्या गणितासारखा दाब वाढवावा लागला तर पट्टा रुंदावतो. 110 केव्हीला 22 मीटर, 400 केव्हीच्या दुहेरी सर्किटला 46. साठ किलोमीटरची वाहिनी धरली तर जादा 144 हेक्टर, आणि ते भात, फार्महाऊस नि ठाकर-कातकरी वाड्यांच्या मधून. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के भरपाई सांगितली आहे. तुमच्या मॉडेलमध्ये खर्चाचा रकाना भरताना हे 144 हेक्टर कुठल्या दराने धरलेत, हा प्रश्न मी मसुद्याच्या समासात लिहिणार आहे.