फिरणारी पाठ

मामिया आरबी ६७ हातात घेणारा प्रत्येक जण आधी वजनाबद्दल बोलतो. १२७ मिलिमीटरची लेन्स, मागे १२० फिल्मचा डबा आणि वर घडीचा फाइंडर एवढे लावले की हा कॅमेरा पावणेतीन किलोच्या घरात जातो. इतके वजन का, या प्रश्नाला सहसा ‘जुना माल, लोखंडी काम’ असे उत्तर मिळते. मला ते अजिबात पटत नाही. जपानी अभियंत्यांनी १९७० साली बाजारात आणलेल्या या कॅमेऱ्यात एकच मोठा निर्णय आहे आणि बाकीचा सगळा कॅमेरा, त्याच्या वजनासकट, त्या निर्णयातून उगवला आहे. तो निर्णय समजला की या यंत्राची गोडी कळू लागते.

निर्णय असा: फ्रेम उभी हवी असो की आडवी, कॅमेरा वळवायचा नाही, फक्त त्याची पाठ फिरवायची. नावातली आर आणि बी ही अक्षरे याच फिरणाऱ्या पाठीची, आणि ६७ म्हणजे सहा बाय सात सेंटिमीटरचे नेगेटिव्ह.

याची गरज का पडली? या कॅमेऱ्यात डोळ्याला लावून बघायचे नसते. वरचे झाकण उघडायचे, मान खाली घालायची आणि दुधी काचेवर उमटलेले दृश्य बघायचे. तिथे चित्र सुलटे दिसते, पण डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. असा कॅमेरा उभ्या फ्रेमसाठी कुशीवर वळवला तर फाइंडर बाजूला तोंड करतो आणि छायाचित्रकाराला कॅमेऱ्याशेजारी उभे राहून आडवे पडलेले जग बघावे लागते. स्वीडनच्या हॅसलब्लाडने १९५७च्या ५००सी मध्ये यातून सुटायला चौकोन पत्करला; सहा बाय सहाच्या फ्रेमला उभे-आडवे नसतेच. पेंटॅक्सने १९६९ साली ६×७ काढताना पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचाच घाट मोठा केला, वर प्रिझम बसवला आणि कॅमेरा वळवण्याचे काम मनगटांवर सोपवले. दोन्ही उत्तरे चांगली आहेत. मामियाने तिसरे दिले आणि त्याची पूर्ण किंमतही मोजली.

ती किंमत अशी. पाठ फिरणार, म्हणजे सात सेंटिमीटरची बाजू कधी आडवी येणार, कधी उभी. मग आतला आरसा आणि वरची दुधी काच दोन्ही दिशांना सातच्या मापाची हवी. चित्र सहा बाय सातचे, पण पोटात जागा सात बाय सातची. एवढा आरसा वर उचलायचा तर त्यासाठी खोल पेटी हवी. फिल्मच्या पुढ्यात पडद्याचे शटर बसवायचे म्हटले तर तेही सात बाय सातच्या खिडकीचे लागले असते. मामियाने पडदा टाळला आणि शटर लेन्समध्ये घातले. त्यामुळे प्रत्येक लेन्स स्वतःचे सेको शटर पोटात घेऊन येते. एका सेकंदापासून १/४०० सेकंदापर्यंत, शिवाय लांब एक्स्पोजरसाठी टी. तीन लेन्सा बाळगणारा तीन शटरे बाळगतो आणि खांद्याला ते जाणवते. पण या शटराबरोबर फ्लॅश कुठल्याही वेगावर जुळतो. पेंटॅक्स ६×७ मध्ये तो १/३०च्या पुढे जुळत नाही. भर दुपारी माणसाच्या चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

शटर लेन्समध्ये आणि बघायचेही त्याच लेन्समधून, म्हणून बघताना शटर उघडे ठेवावे लागते. तोवर आरसा आणि त्यामागची झडप फिल्म झाकून ठेवतात. बटण दाबल्यावर आत काय घडते ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. आधी शटर मिटते आणि ॲपर्चर ठरल्या आकड्यावर येते. मग तो मोठा आरसा धाडकन वर जातो. त्यानंतर शटर ठरलेल्या वेळेपुरते उघडते आणि पुन्हा मिटते. चित्र ज्या आवाजात उमटते तो आरशाच्या आवाजापुढे अगदी बारीक असतो. शिकलेला कान दोन्ही वेगळे ओळखतो आणि १/८ सेकंद खरोखर १/८ आहे की रेंगाळते आहे हेही सांगू शकतो. आरसा आपोआप खाली येत नाही. बाजूचा जाड दांडा ओढेपर्यंत फाइंडर काळाच राहतो. दांडा ओढला की आरसा खाली बसतो, शटर ताणले जाऊन उघडते आणि दृश्य परत येते. फिल्म पुढे सरकवण्याचा दांडा मात्र वेगळा, पाठीवर. एका चित्रासाठी दोन दांडे, याबद्दल या कॅमेऱ्याला बरीच बोलणी बसली आहेत. पाठ सुटी निघते आणि गोलही फिरते, त्यामुळे तिच्यापर्यंत यांत्रिक जोड नेणे सोपे नव्हते, हे मला पटते. पण अशक्यही नव्हते: १९८२च्या आरझेड ६७ मध्ये मामियाने एकाच दांड्यावर दोन्ही कामे आणली. त्या कॅमेऱ्याचे शटर विजेवर चालते आणि त्याला बॅटरी लागते. आरबीला कसलीच बॅटरी लागत नाही. दोनांतून एक निवडायचा तर मी दोन दांडे निवडीन.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो पुढचा भाता. लेन्स फिरवून फोकस करायचा नसतो. दोन्ही बाजूंच्या मोठ्या गोल मुठी फिरवल्या की दातेरी पट्टीवरून लेन्सची सबंध पाटी पुढे सरकते आणि मागे काळा भाता उलगडतो. ही कल्पना मामियाला नवी नव्हती. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या सी मालिकेच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यांत भाता होता आणि लेन्सची जोडी बदलताही येत होती. त्याआधी १९४० साली सेईची मामिया यांनी पहिला कॅमेरा काढला, मामिया सिक्स. त्यात तर लेन्स जागची हलतच नसे, फोकससाठी फिल्मच पुढे-मागे होई. वस्तू जागची ठेवून तिच्या भोवतालचे काहीतरी हलवणे ही या घराण्याची जुनी खोड आहे. आरबीची फिरणारी पाठ मला त्याच वंशातली वाटते.

भाता ४६ मिलिमीटरपर्यंत बाहेर येतो. ९० मिलिमीटरची लेन्स लावून तो पुरता ताणला तर वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या मापाच्या निम्म्याने उमटते, वेगळी मॅक्रो लेन्स न लावता. एखादे नाणे, पानाच्या शिरा, म्हाताऱ्या हाताची नखे या लेन्सच्या आवाक्यात येतात. पण लेन्स फिल्मपासून जितकी लांब, तितका प्रकाश पातळ होतो. ९० वर पूर्ण ताणलेल्या भात्याला सव्वादोन पटींहून थोडा जास्त प्रकाश द्यावा लागतो, म्हणजे एका स्टॉपहून अधिक. १२७ वर एका स्टॉपच्या आत भागते. हा हिशेब कॅमेऱ्याच्या अंगावरच्या पट्टीवर वाचता येतो. आत मीटर नसल्यामुळे प्रकाश हातातल्या मीटरने मोजायचा आणि मग पट्टी पाहून त्यात भर घालायची. भूमितीचा एक नियम असा बोटांच्या टोकांशी येऊन बसतो आणि थोड्या सवयीनंतर पट्टीकडे न बघताही कळतो.

स्टुडिओत हा कॅमेरा इतका का रुळला, याचे कारण मला उंचीत दिसते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे उभ्या छायाचित्रकाराच्या छातीच्या आसपास येतात. डोळ्याला लावायचा कॅमेरा तिथे नेण्यासाठी गुडघे वाकवावे लागतात. आरबी ट्रायपॉडवर नेमका त्या उंचीला राहतो आणि छायाचित्रकार ताठ उभा राहून फक्त मान झुकवतो. चेहऱ्याला उभी फ्रेम हवी, तर पाठ फिरवली की झाले. ट्रायपॉडचे डोके वाकडे करायला नको, लेन्स मध्यावरून ढळत नाही. शेजारी नवरा येऊन बसला तर पाठ पुन्हा आडवी. नेगेटिव्हचे प्रमाण चारास पाचाचे, आठ बाय दहा इंचांच्या कागदाचे तेच, म्हणून कागद काठोकाठ भरतो. पस्तीस मिलिमीटरच्या नेगेटिव्हला त्याच कागदासाठी साडेआठ पट मोठे व्हावे लागते, याला साडेतीन पटींहून थोडेसेच जास्त. क्षेत्रफळात हे नेगेटिव्ह साडेचारपट आहे. १२० फिल्म १९०१ सालापासून चालत आलेली आहे आणि तिच्या एका रोलवर या मापाची दहाच चित्रे बसतात.

पण वजनाची खरी पारख मला स्टुडिओबाहेर झाली, सिन्नरच्या गोंदेश्वराला. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून कॅमेरा हातातच ठेवायचा होता. पट्टा गळ्यात, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली, कॅमेरा पोटाशी. कमरेवर घेतलेली भरली कळशी हातात लोंबणाऱ्या कळशीपेक्षा हलकी वाटते, तसे इथे होते. ओझे अंगाच्या मध्याशी आले की ते अंगाचेच होते. हलका कॅमेरा श्वासाबरोबर हलतो, हा हलत नाही. आरशाचा धक्काही या वस्तुमानात बराचसा जिरतो. मंडपात खांबाला पाठ टेकून १/३० सेकंदाला घेतलेल्या नेगेटिव्हमध्ये छिन्नीच्या कडा धारदार आल्या आहेत.

आणि मंदिरच असे, की पाठ सतत फिरवावी लागते. गोंदेश्वर हे शैव पंचायतन, मधे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार छोटी मंदिरे. दुरून पाहिले की विषय आडवा आहे, जोत्यावर पसरलेला. चार पावले पुढे गेले की भूमिज शिखर सगळे लक्ष वर खेचते. छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात, आणि त्यांच्या मधून उभ्या नक्षीच्या पट्ट्या थेट माथ्यावरच्या आमलकापर्यंत. तिथे आडवी फ्रेम खोटी ठरते. उभे आणि आडवे यांतला हा झगडा मंदिराने दगडात मांडला आहे आणि कॅमेऱ्याच्या पाठीत त्याला उत्तर आहे. कॅमेरा पोटाशी सपाटच राहिल्याने खांब तिरके होत नाहीत, फक्त चौकट बदलते.

काळा दगड हा फिल्मसाठी अवघड विषय आहे. दुपारच्या उन्हात त्याची उजळ बाजू करडी होते आणि कोनाडे शाईसारखे बुडतात. एफपी४ फिल्मवर मी सावलीला थोडा जास्त प्रकाश देतो आणि रोल डेव्हलपरमध्ये जरा कमी वेळ ठेवतो. लहान नेगेटिव्हमध्येही सावलीतला तपशील येतो, पण दाण्यांत विरघळलेला. इथे कोनाड्यातल्या मूर्तीच्या गालावरचा उतार सलग येतो, एका करड्यातून दुसऱ्या करड्यात कुठे पायरी पडत नाही. छटांच्या या सलगपणासाठी मी वजन वाहतो. तीक्ष्णपणा आजकाल कुठल्याही कॅमेऱ्यात मिळतो.

रस्त्यावरच्या धावत्या आयुष्यासाठी हा कॅमेरा नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. उलट्या दिशेने सरकणाऱ्या मुलामागे फाइंडर नेताना हात चुकीकडे जातोच, आणि दुसरे चित्र घ्यायला दोन दांडे ओढेपर्यंत मूल गल्लीच्या टोकाला गेलेले असते. या कॅमेऱ्याला थांबलेल्या किंवा थांबायला राजी असलेल्या गोष्टी लागतात.

कोणाला घ्यायचाच असेल तर, १९७४ चा प्रो-एस मला आरबीच्या तिन्ही आवृत्त्यांत उत्तम वाटतो. त्यात फिल्म झाकणारी डार्क स्लाइड आत राहिली तर बटण दबत नाही आणि चुकून एकावर एक चित्र पडणेही टळते. १९९०चा प्रो-एसडीही चांगला, पण महाग पडतो. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण बाहेर काढून आत टॉर्च लावा. घड्यांच्या कोपऱ्यांत टाचणीएवढा उजेड दिसला तरी नको म्हणा. डब्याच्या कडेचा स्पंज बोटाला चिकट लागला तर घाबरू नका, तो बदलता येतो. एका सेकंदाचे शटर घड्याळ लावून ऐका. पहिली लेन्स मात्र ९० नको, १२७ घ्या: चेहऱ्याला ती थोडे अंतर देते आणि शिखराला थोडी जवळीक, आणि ९० ची उणीव दोन पावले मागे जाऊन बहुतेक ठिकाणी भरून निघते.