क्षमता कोणाची?

परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने विकसनशील देशांत उच्च शिक्षणाची क्षमता निर्माण करावी, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. त्यासाठी निधी मिळतो, करार होतात, अहवाल निघतात. या व्यवहारातला ‘क्षमता’ हा शब्द मला तपासून पाहावासा वाटतो. कारण तो देशाच्या नावाने उच्चारला जातो आणि देशातल्या कोणाच्या पदरात ती क्षमता पडली, हा प्रश्न मागेच राहतो.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली. यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले. पवईला जाण्यापूर्वी तिचे पहिले वर्ग वरळीत, ‘सस्मिरा’च्या इमारतीत भरले. पहिल्या तुकडीत १०० विद्यार्थी होते. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर बी.डी.डी. चाळी होत्या आणि त्या चाळींत आमची कष्टकरी माणसे दाटीवाटीने राहत होती. श्रमिकांच्या राज्याने पाठवलेली मदत श्रमिकांच्या दारावरून पुढे निघून गेली!

कायद्याची अडचण होती म्हणावे, तर तीही नव्हती. पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ सालीच कलम १५(४) आणले होते. १९६१ च्या कायद्याने या संस्था कोणत्याही जातीच्या, पंथाच्या वा वर्गाच्या व्यक्तीला खुल्या असल्याचे सांगितले. तरीही अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या त्या १९७३ साली. मद्रासला पश्चिम जर्मनीची मदत होती, दिल्लीला ब्रिटनची, कानपूरला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांची. मदत देणाऱ्यांच्या राजवटी वेगवेगळ्या. आमची प्रतीक्षा मात्र सर्वत्र सारखीच.

‘तेव्हा पात्र विद्यार्थीच नव्हते’, हे उत्तर प्रस्थापितांकडे तयार असते. दूरदेशाहून यंत्रे आणता येतात, तर चाळीतल्या मुलाला संस्थेच्या दारापर्यंत आणणारा एक वर्ग काढणे का अशक्य होते? राखीव जागा आल्यानंतर पुढे तयारीचे वर्ष सुरू झालेच. पात्रता ही जन्मजात वस्तू नसून तीही घडवावी लागते, हे त्यातून संस्थांनीच मान्य केले.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे शैक्षणिक कार्य पुन्हा वाचावे असे मला वाटते. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिक्षणाचे त्यांनी पुढे काय केले? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. वेळापत्रक ठरवताना आधी विद्यार्थ्याच्या पोटाचा विचार केला गेला. उच्च शिक्षणाची क्षमता म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. परदेशी विद्यापीठाचे ज्ञान कामगाराच्या मुलापर्यंत पोहोचवणारा हा पूल एका माणसाच्या निर्धारातून उभा राहिला.

आणि आज? अनुसूचित जातींसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबियात जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातील जाती हाच होता. तो निबंध या नियमात बसला नसता. परदेशी जा, यंत्र शिका, हिशेब शिका. परंतु ज्या व्यवस्थेने तुम्हाला चाळीत ठेवले, तिची चिकित्सा शिकू नका, असा याचा अर्थ होतो.

म्हणून विद्यापीठीय सहकार्याच्या प्रत्येक योजनेला दोन प्रश्न विचारावेत. वर्गात कोण बसणार आहे? आणि बसल्यावर त्याला स्वतःच्या समाजाविषयी प्रश्न विचारता येणार आहे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत देशाची क्षमता वाढली, असे मी म्हणणार नाही.