भीती आणि पियानो

दिवाळीच्या अंकात युद्धाच्या प्रचारपटांविषयी लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण अंगणात फुलबाज्या तडतडू लागल्या, की मला आग विझवणारी माणसे आठवतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना इंग्रजी बोलपटही.

महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, इंग्लंडात ‘द वॉर्निंग’ नावाचा पट निघाला. नागरी संरक्षणासाठी स्वयंसेवक मिळवणे हा त्याचा हेतू. नॉटिंगहॅमवर काल्पनिक हवाई हल्ला दाखवून तो प्रेक्षकाला धाक घालतो. मला ही रीत रुचत नाही. भ्यालेला माणूस आधी स्वतःचे दार लावतो; दुसऱ्याचे घर विझवायला तो निघत नाही.

हंफ्री जेनिंग्जचा ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ (१९४३) नेमकी उलटी वाट धरतो. तोवर स्वयंसेवकांचे साहाय्यक अग्निदल राष्ट्रीय अग्निदलात विलीन होऊन दोन वर्षे होत आली होती. हाका मारून झाल्या होत्या. हाकेला ओ देणारे कोण, ते दाखवायचे राहिले होते. जेनिंग्जने त्यासाठी खरेच बंबवाले घेतले. जाहिराती लिहिणारा बॅरेट दलात नवा येतो आणि रात्रपाळीपूर्वी पियानोवर बसतो. एकेक गडी गणवेश चढवून आत येतो, तसतसे मुलांचे एक मोजणीचे गाणे वाढत जाते. छातीठोक भाषण नाही, शत्रूला शिवी नाही. तरी आपणही त्यांच्यात जाऊन उभे राहावे, असे वाटते. भरतीचे याहून प्रामाणिक आवाहन मी पाहिलेले नाही.

रात्री गोदीकाठची वखार पेटते. जवळच दारूगोळ्याचे जहाज. जहाज वाचते, जॅको मरतो. सकाळी इकडे त्याची अंत्ययात्रा, तिकडे जहाज मार्गाला लागलेले. येथे माझी तक्रार आहे. ही दृश्ये एकाआड एक जोडून जेनिंग्ज जणू हिशेब चुकता करतो : एक गेला, पण जहाज सुटले.

आम्हां मुंबईकरांना हा हिशेब पटणे कठीण. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ पेटले. त्यातही दारूगोळाच होता. ते जहाज वाचले नाही. विझवायला धावलेले अग्निदलाचे ६६ जण मात्र गेले. जहाज वाचले नाही म्हणून त्यांचे मोल उणे झाले काय?

पियानोभोवतीची माणसे तरी जहाज वाचणारच, हे जाणून कोठे निघाली होती? म्हणून मी त्या पटाचा शेवट सोडून देतो आणि ते गाणे जवळ ठेवतो. वाचकहो, आज फुलबाजी पेटवण्यापूर्वी पाण्याची एक बादली भरून अंगणात ठेवा. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, त्यांची आठवण तेवढ्यानेही होते.